न्यायाधीशाने श्रद्धा कोर्टाच्या पायरीवर काढून ठेवावी का? (निमित्त : न्या. कुरियन जोसेफ)

धंतोलीकर_वकील (धागाकर्ता)

परवा कोर्टाच्या कँटीनमध्ये एक वाद अर्धाच राहिला, कारण माझ्या मॅटरचा पुकारा झाला. म्हटलं, उरलेला इथे पुरा करू.

विषय होता निवृत्त न्यायमूर्ती कुरियन जोसेफ. आमचा एक ज्युनिअर म्हणाला, "ते गुड फ्रायडेवाले जज ना?" मला ते लागलं. हा माणूस २००० साली केरळ उच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. २०१० पासून तीन वर्षं हिमाचलचा मुख्य न्यायमूर्ती होता. मार्च २०१३ ते नोव्हेंबर २०१८ सर्वोच्च न्यायालयात बसला. आणि लक्षात काय राहिलं, तर सुट्टी!

विसरलेल्यांसाठी थोडक्यात. २०१५ मध्ये मुख्य न्यायमूर्तींची परिषद ३ ते ५ एप्रिलला ठेवली होती. ३ तारखेला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर. जोसेफ यांनी सरन्यायाधीश दत्तूंना पत्र लिहिलं, की दिवाळी-दसऱ्याला, ईदला आपण असं काही ठेवत नाही, मग याच दिवसांत का? नंतर पंतप्रधानांच्या मेजवानीलाही पत्र लिहून नकार कळवला. दत्तूंच्या उत्तराचा सूर असा होता, की संस्थेचं हित आधी पाहायचं की एकट्याचं?

माझं मत सरळ आहे. श्रद्धा सगळ्याच न्यायाधीशांना असते. ज्याची उघड असते त्याच्या निकालात ती शिरली की नाही हे वाचून तपासता येतं. जोसेफ यांचे निकाल तपासा. २२ ऑगस्ट २०१७ चा तिहेरी तलाकचा निकाल घ्या. पाच न्यायाधीश पाच धर्मांचे, निकाल ३ विरुद्ध २ ने तिहेरी तलाकच्या विरोधात. त्यात जोसेफ यांनी स्वतःच्या बायबलकडे पाहिलं नाही, कुराण आणि २००२ चा शमीम आरा निकाल (योग्य कारण आणि समेटाचा प्रयत्न नसेल तर तलाक ग्राह्य नाही) पाहिला. जे कुराणात वाईट ते शरियतमध्ये चांगलं असू शकत नाही, एवढ्या वाक्यावर पारडं झुकलं. कालडीच्या श्रीशंकरा कॉलेजात, म्हणजे आद्य शंकराचार्यांच्या गावात शिकलेला कॅथलिक माणूस मुसलमान बाईला तिच्याच धर्मग्रंथातून न्याय देतो. मला तर यात भारत दिसतो. असो, भाषण झालं. बोला.

इतवारीकर

वकीलसाहेब, मी ३१ वर्षं न्यायखात्यात कारकुनी केली. न्यायाधीश जवळून पाहिले, म्हणजे त्यांचे डबे, त्यांचे उपास, त्यांचे मूड सगळं. निकालांबद्दल तुमच्याशी वाद नाही. पत्राबद्दल आहे.

सरन्यायाधीशांना लिहिलं, ठीक. घरातली गोष्ट. पंतप्रधानांच्या मेजवानीला जायचं नव्हतं तर "येऊ शकत नाही, क्षमस्व" दोन ओळी पुरे होत्या. सोबत सणाची कैफियत कशाला? घरातलं भांडण शेजाऱ्याच्या ओसरीवर नेण्याचा हा प्रकार. न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी म्हणायची आणि गाऱ्हाणं तिच्याकडेच न्यायचं.

आणि सणाचं म्हणाल तर आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. एका वर्षी नेमकं जेवणाच्या दिवशी उच्च न्यायालयातून रेकॉर्ड मागवलं. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील सगळं घरी, आणि मी रेकॉर्ड रूममध्ये धुळीत गठ्ठे सोडतोय. संध्याकाळी साडेसातला घरी गेलो तेव्हा सवाष्णी जेवून गेल्या होत्या. कोणाला पत्र लिहिलं नाही.

सदरची_बाई

इतवारीकर काका, तुमच्या महालक्ष्म्यांचं वाईट वाटलं, खरंच. पण तुम्हाला बोलावणाऱ्याला तो दिवस कोणता आहे हे माहीत होतं. त्याने माहीत असून बोलावलं. आमच्या बाबतीत समोरच्याला बऱ्याचदा माहीतच नसतं. शाळेतली माझी एक सहकारी दर वर्षी न चुकता "हॅपी गुड फ्रायडे" पाठवते. मी दर वर्षी हात जोडलेलं चित्र पाठवते. काय सांगणार?

आम्ही त्याला उत्तम शुक्रवार म्हणतो. आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. एप्रिलचं नागपूर, पंखे गरम हवा फेकतायत, माझी आई ७८ वर्षांची, पाण्याचा थेंब न घेता तीन तास बसते. हा सण नव्हे, सुतकासारखा दिवस आहे. त्या दिवशी परिषद आणि दुसऱ्या दिवशी मेजवानी हे ऐकायलाच विचित्र लागतं.

तरीही मी जोसेफ यांच्या जागी असते तर लिहिलं नसतं. त्यांचं चुकलं म्हणून नाही. अल्पसंख्य माणूस आयुष्यात एकदा बोलतो आणि तेच त्याचं नाव होऊन बसतं. वकीलसाहेबांच्या ज्युनिअरने ते सिद्धच केलंय की.

तर्रीबाज

काहून एवढं गोड गोड बोलून रायले सगळे? खरा मुद्दा कोणी काढतच नाही. याकूब मेमनची फाशी याच जजने अडवली होती ना? आपल्याच नागपूरच्या जेलात होता तो. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसं मेली, त्यांच्या घरच्यांनी २२ वर्षं वाट पाहिली, अन् शेवटच्या दोन दिवसांत यांना प्रोसिजर आठवली!

राहाटे_कॉलनी

त्या दिवसाचं मी सांगतो, कारण जेलची भिंत आमच्या गच्चीवरून दिसते.

२९ जुलै २०१५ च्या संध्याकाळपासून वर्धा रोडला बॅरिकेड लागले. चॅनेलवाल्यांच्या गाड्या रांगेने उभ्या, जनरेटरचा आवाज रात्रभर. आमच्या घरात कोणी झोपलं नाही. तीन वाजून गेल्यावर टीव्हीवर दिसलं की दिल्लीत सर्वोच्च न्यायालय उघडलंय, सुनावणी चालू आहे. वडील म्हणाले, "आपल्या जमिनीच्या केसला अकरा वर्षं तारीख मिळत नाही, आणि हे रात्री तीनला बसतात?" मग थोडं थांबून म्हणाले, "बसलेच पाहिजेत म्हणा."

पाचच्या सुमाराला याचिका फेटाळली. सातच्या आसपास बातमी आली की झालं. दूधवाल्याला पोलिसांनी अलीकडेच थांबवलं होतं, म्हणून मी पातेलं घेऊन चौकापर्यंत गेलो. तो नेहमीचा बडबड्या माणूस. त्या दिवशी माप घातलं, पैसे घेतले, एक शब्द बोलला नाही.

जोसेफ यांच्याबद्दल मला कायद्यातलं काही कळत नाही. कोणीतरी अडवून पाहिलं होतं एवढं मात्र त्या सकाळी बरं वाटलं होतं. फाशी व्हायला नको होती असं माझं म्हणणं नाही.

धंतोलीकर_वकील

@तर्रीबाज, प्रोसिजर काय होती ते ऐका, मग शिव्या द्या.

क्युरेटिव्ह याचिका म्हणजे शेवटचं दार. नियमाप्रमाणे ती सर्वांत ज्येष्ठ तीन न्यायाधीशांकडे आणि ज्या निकालाविरुद्ध तक्रार आहे तो देणाऱ्या न्यायाधीशांकडे जाते. याकूबची पुनर्विचार याचिका एप्रिलमध्ये तिघांनी फेटाळली : दवे, चेलमेश्वर आणि स्वतः जोसेफ. बरं का, फेटाळणाऱ्यांत जोसेफ होते! २१ जुलैला क्युरेटिव्ह फेटाळली गेली तेव्हा चेलमेश्वर आणि जोसेफ त्या पीठात नव्हते. २८ जुलैला जोसेफ एवढंच म्हणाले, की पीठच नियमाप्रमाणे बसलं नाही, तर आधी ते दुरुस्त करा, तोवर फाशी थांबवा. सोबत बसलेल्या न्या. दवेंना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांच्या पीठाने प्रक्रिया बरोबर होती असं सांगितलं. म्हणजे कायद्याने जोसेफ हरले, मान्य.

पण आता धाग्याच्या विषयाकडे या. त्याच दिवशी, त्याच पीठावर, न्या. दवेंनी आपल्या आदेशात मनुस्मृतीतला श्लोक घातला. जोसेफ यांच्या बाजूला होता फक्त कोर्टाचा नियम. मग धर्म कोर्टात कोणी आणला म्हणायचं? त्यावर "मनुस्मृतीवाले जज" असं कोणी म्हटलेलं मी तरी कँटीनमध्ये ऐकलं नाही.

तर्रीबाज

हा पॉइंट बरोबर आहे भाऊ. श्लोकाचं मला माहीतच नव्हतं. पण २५७ चं उत्तर यात नाही.

लॉ_थर्ड_इयर

दोन्ही बाजूंना थोडं टोचते.

धर्म निकालात शिरला नाही हे मला पुरतं पटत नाही. २८ नोव्हेंबर २०१८, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, छन्नूलाल वर्मा खटला. तिन्ही न्यायाधीशांनी फाशी रद्द करून जन्मठेप दिली, पण जोसेफ यांनी पुढे जाऊन लिहिलं की फाशीच्या शिक्षेचाच आता फेरविचार व्हावा. बाकी दोघांनी या भागापुरती फारकत घेतली, १९८० च्या बच्चन सिंग निकालाने हा प्रश्न मिटलाय म्हणाले. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे तीनच महिने आधी, पोप फ्रान्सिस यांनी फाशी कधीच मान्य नाही असा बदल कॅथलिक शिकवणीत केला होता. योगायोग असेल. पण "तपासा" म्हणालात म्हणून तपासलं.

उलट बाजूने, त्यांचा आधार विधी आयोगाचा २०१५ चा २६२ वा अहवाल होता. अध्यक्ष न्या. ए. पी. शहा, आपल्या सोलापूरचे. त्यांचा पोपशी काय संबंध? मात्र तर्रीबाज दादांसाठी : त्या अहवालानेही दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध यांना वगळूनच फाशी बंद करा म्हटलंय. म्हणजे २५७ चं उत्तर तिथेही तुमच्या बाजूचं आहे.

सदरची_बाई

पोपच्या मुद्द्यावर हसू आलं. आम्ही प्रोटेस्टंट, आमचा पोपशी संबंध नाही, तरी मला शाळेत दर वेळी विचारतात "तुमचे पोप काय म्हणाले?"

बाळा, दया फक्त चर्चमध्ये मिळते का? जोसेफ यांचा दुसरा एक आदेश शोधून वाच. नवरा-बायकोचे एकमेकांवर ढीगभर खटले, तडजोडीने मिटवले. त्यांच्या लहान मुलाने आभार म्हणून हाताने केलेलं कार्ड दिलं आणि न्यायमूर्तींनी त्यातला मजकूर आदेशात घेतला. माझ्या वर्गात अशी तारखांवर वाढणारी दोन मुलं आहेत. एकाच्या दप्तरात वडिलांना भेटायच्या वारांचा कागद असतो.

इतवारीकर

कार्डाची गोष्ट चांगली आहे. पण हिशेब पुरा मांडा. १२ जानेवारी २०१८ ला चार न्यायाधीशांनी सरन्यायाधीशांच्या खटलेवाटपावर पत्रकार परिषद घेतली, त्यात हे होते. (त्यातला नागपूरचा, न्या. लोयांच्या मृत्यूचा विषय इथे काढू नका, धागा पाचशेवर जाईल.) निवृत्तीनंतर आठवड्याच्या आत मुलाखती, की तेव्हाच्या सरन्यायाधीशांवर (दीपक मिश्रांवर) बाहेरचा प्रभाव वाटत होता. वाटत होतं तर खुर्चीवर असताना नोंदवायचं. शिवाय निवृत्तीनंतर सरकारी काम घेणार नाही म्हणाले होते. २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारने राज्यांच्या अधिकारांवर समिती नेमली तिचे अध्यक्ष कोण?

आमचे एक साहेब होते. निवृत्त झाले त्या संध्याकाळी कोर्टाचा पेनसुद्धा परत करून गेले. पुढे कुठल्या मंचावर दिसले नाहीत.

धंतोलीकर_वकील

समितीचा मुद्दा मलाही खटकतो, लपवत नाही. फायद्याचं पद आणि अभ्याससमिती यांत फरक करता येईल, पण शब्द तो शब्द. पत्रकार परिषदेवर मात्र मी त्यांच्या बाजूने. आधी पत्र दिलं होतं, सांगून पाहिलं होतं, मग बाहेर आले.

आणि काका, नागपूरच्या जजबद्दल बोलतोय तर व्हिव्हियन बोस विसरू नका. १९४९ ते ५१ आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, मग सर्वोच्च न्यायालयात. वर्तमानपत्रातल्या लेखाच्या भगवतीचरण शुक्ल प्रकरणात त्यांनी लिहिलं, की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, धीराच्या माणसाच्या मापाने मोजा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नको. सिव्हिल लाइन्सच्या त्या घुमटाखालचं हे वाक्य मार्च २०२५ मध्ये न्या. ओकांच्या पीठाने एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना पुन्हा काढलं. जोसेफ यांच्या पत्राला हेच माप लावून बघा. एका न्यायाधीशाने सहकाऱ्याला विचारलं, हाच दिवस का? यात घाबरण्यासारखं काय होतं?

इतवारीकर

बोस साहेबांचं नाव आमच्या वेळचे जुने शिरस्तेदार उभं राहून घ्यायचे. त्यांना मध्ये आणून तुम्ही माझी पंचाईत केलीत.

पत्राबद्दल मी जिथे होतो तिथेच आहे. पंतप्रधानांना नको होतं. पण "कोणाला पत्र लिहिलं नाही" हे मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ते घरी वाचून दाखवलं. मंडळी म्हणाल्या, "लिहायला काय झालं होतं? मी सोळा भाज्या एकटीने केल्या होत्या."

छन्नूलालच्या निकालाची प्रिंट असेल तर शनिवारी कँटीनला आणा. मोठ्या अक्षरात काढा, चष्मा बदलायचा राहिलाय.