मदत हवी आहे: सोसायटीत दाखवायला कोणता सिनेमा?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. या वेळी धर्म आणि ओळख यांवरचा, पण हसवणारा हवा, असं ठरलंय. भाषणबाजी नको, तेवढ्यासाठी कोणी खुर्चीत बसत नाही.

माझ्या डोक्यात ‘द इन्फिडेल’ (2010) आहे. लंडनमधल्या मुस्लिम गृहस्थाला आई गेल्यावर कळतं की आपण दत्तक आहोत आणि जन्माने ज्यू! मग एक ज्यू टॅक्सीवाला त्याला ज्यू कसं वागायचं ते शिकवतो. डेव्हिड बॅडील यांचं लेखन, ओमिद जलिली मुख्य भूमिकेत. यावरूनच 2015 मध्ये ‘धर्म संकट में’ आला. तिथे परेश रावल अहमदाबादचे ब्राह्मण, जे जन्माने मुस्लिम निघतात, आणि मुस्लिम कसं वागायचं याची शिकवणी घेणारे शेजारी अन्नू कपूर. मला इंग्रजीच जास्त धारदार वाटतो, पण त्यातले काही विनोद आजी-आजोबांसोबत बघताना अवघडल्यासारखं होईल. आमच्याकडे अर्धी मंडळी सत्तरीपुढची आहेत.

तर कोणी हे दोन्ही चारचौघांत दाखवलेत का? कोणता चालला? आणि हॉलमध्ये दाखवायला हक्कदारांची परवानगी लागते, ती मागायची कुणाकडे आणि कशी?

आणखी एक. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे 1867 चं ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), आमच्यातल्या बऱ्याच जणांनी बाहेरूनच पाहिलंय. सिनेमानंतर गप्पा मारायला मराठी बोलणारं कोणी बेने इस्रायली (महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातलं) येऊ शकेल का? ओळख असेल तर आधी त्यांना विचारून मला मेसेज करा. चहा-बटाटेवडे आमच्याकडे.