देवराईतलं पडलेलं झाड विकावं का?

रानवाट:
परवा त्र्यंबककडच्या एका देवराईत गेलो होतो. वादळात आडवं झालेलं जांभळाचं जुनं खोड दोन वर्षं तिथंच पडलंय. फाल्गुनात सगळं रान कोरडंठाक, पण त्या सालीखाली बोट घातलं तर ओल लागली. भुसा झालेल्या गाभ्यात वाणी, गोगलगायी, आणि एका फटीत उंबराचं चार पानांचं रोप. गावात आता हे लाकूड विकून देवळावर पत्रा टाकायचं चाललंय. मला वाटतं, हात लावू नये. देवराईतली काटकीसुद्धा न्यायची नाही हा जुन्यांचा नेम उगाच नव्हता.

पोलंड-बेलारूसच्या सीमेवर बियावोविएझा नावाचं ओक, हॉर्नबीम, स्प्रूसचं पुरातन मिश्र जंगल आहे. राजांनी शिकारीसाठी राखलं म्हणून वाचलं. आपल्या देवराया देवाच्या धाकाने वाचल्या. बियावोविएझाचा पोलंडकडचा भाग १९७९ पासून जागतिक वारसा. २०१६ मध्ये स्प्रूसला लागलेल्या खोडकिड्याचं कारण देऊन पोलंड सरकारने तोडीची मर्यादा जवळपास तिप्पट केली. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती तोड बेकायदा ठरवली. तिथले सुतारपक्षी, भुंगे, बुरशी जगतात ती मेलेल्या झाडांवरच.

पेठचा_पाहुणा:
दादा, पोलंडमध्ये माझी आई मोळी आणत नाही. सिलिंडर संपला की दुसरा भरायला पैसे लागतात, चूल सरपणावरच पेटते. २००६ च्या वनहक्क कायद्यात काटक्या-बुडखेही गौण वनोपजात, म्हणजे रानात राहणाऱ्यांना गोळा करता येणाऱ्या वस्तूंत, धरलेत. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या राई राखली, त्यांनाच शहरातून येऊन "हात लावू नका" सांगायचं?

गंगाघाट:
मलाही पटलं नाही. तिकडे बर्फ पडतो, इकडे होळीनंतर वणवे. वाळकं लाकूड म्हणजे आगीला खाऊ. एक ठिणगी पडली तर राईच जाईल.

रानवाट:
गंगाघाट, वणवा पळतो तो वाळल्या गवतावरून आणि पाचोळ्यावरून. कुजून ओल धरलेलं जाडजूड खोड सहजी पेट घेत नाही. कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढा, त्यासाठी मी स्वतः कोयता घेऊन येतो.

पेठच्या दादा, तुमचं बोलणं लागलं. आईच्या मोळीला माझा विरोध नाही. ती राईबाहेरच्या रानातून येते, राबाचा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायचा, टहाळही तिथलाच. पण हे एक खोड ट्रकमध्ये चढलं की पुढच्या वर्षी उभं झाड 'वाळलंय' म्हणून दाखवतील.

करवंद_जाळी:
बियावोविएझाचं अर्धंच सांगितलंत. तिथं पूर्वी जिवंत झाडाच्या खोडात ढोली कोरून माणसं मध राखत. जंगल माणसाविना नव्हतं. तिथले रानटी गवे (युरोपीय बायसन) मात्र १९१९ पर्यंत मारून संपवले. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांपासून पैदास करून १९५२ मध्ये पुन्हा मोकळे सोडले. गवा असा परत आणता आला. शेकडो वर्षांचं झाड कुठून आणणार?

पेठचा_पाहुणा:
बरं. खोड राहू द्या. पण पत्र्याचं काय? देऊळ गळतंय, पुजारी म्हातारा आहे. शनिवारी बैठक आहे, तिथं नुसतं "ठेवा" म्हटलं तर लोक उठून जातील.

रानवाट:
पत्र्याचे माझे पाच हजार धरा. शनिवारी किती वाजता?

पेठचा_पाहुणा:
सहाला, पारावर. आईलाही आणतो, तिचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐका.