फुकट प्लॅनच्या आधी हे बघा
ईमेल न्यूजलेटर पाठवायचं टूल निवडताना "फुकटात जास्त सबस्क्रायबर ठेवू देईल ते टूल घ्या" असा सल्ला मिळतो, सुरुवातीला ठीकच आहे, पण मेल इनबॉक्समध्ये पोचतोय का ते आधी बघा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत, एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे दाखवणाऱ्या सेटिंग्ज) सगळ्यांनाच लागतं, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० मेल जात असतील तर दोन्ही, वर डीमार्क (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ते सांगणारी सेटिंग) आणि एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब. त्यामुळे 'फ्रॉम'मध्ये जीमेलचा पत्ता टाकून दुसऱ्या टूलमधून पाठवलं की मेल स्पॅममध्ये जायची भीती असतेच, स्वतःचं डोमेन घ्या आणि टूल देईल ते डीएनएस रेकॉर्ड (डोमेनच्या सेटिंगमधल्या नोंदी) तिथे टाका.

आणि सबस्क्रायबरची यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवता येते ना? गूगलने २०२१ मध्ये फीडबर्नर या आपल्या सेवेतून ब्लॉगच्या वाचकांना ईमेल पाठवणं बंद केलं, तेव्हा यादी डाउनलोड करता येत होती म्हणून लोकांना वाचक दुसरीकडे नेता आले.