‘पाचखणी सोपा’ म्हणजे पाच खोल्या का?

ओसरी: पणजोबांच्या वाटणीपत्रात ‘पूर्वाभिमुख पाचखणी सोपा व त्यावर दोनखणी माडी’ असं आहे. घरातले सगळे खण म्हणजे खोली धरून चाललेत. पण सोपा, म्हणजे घराची पुढची पडवी, तर पुढून उघडा, मग पाच खोल्या कुठून आल्या?

कडीपाट: खोली नव्हे, दोन खांबांमधला गाळा. पाच खण म्हणजे ओळीत सहा खांब, कडेचे दोन बहुधा भिंतीत दडलेले. जुन्या वाड्यात भार लाकडी सांगाड्यावर: तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) खांब, खांबावर तुळई (जाड आडवं लाकूड), तुळईवर कड्या (बारीक आडवी लाकडं), वर पाट (फळ्या). भिंत बरीचशी आडोशापुरती. म्हणून घर खणांनी मोजायचं. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात (१८०७) सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब आहेत, त्यांच्या ओळीपुढून चालत गेलात की खण आपोआप मोजले जातात.

ओसरी: एका खणाचे फूट किती धरायचे?

कडीपाट: ठरलेलं माप नाही. जेवढ्या लांबीचं लाकूड मिळालं नि परवडलं, तेवढा गाळा. नुसत्या ‘पाचखणी’वरून क्षेत्रफळ काढत बसू नका. वाद असेल तर सरळ मोजणी करून घ्या.

लातूरकर: आमच्याकडं जुनी माणसं अजून ‘किती खणांचं घर?’ असंच विचारतात. माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, आत खांब-तुळया, भोवती दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या भिंतीच ढासळल्या. माणसं दगडांखाली गेली, आणि कित्येक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र जागेवर उभा. घर कशावर उभं होतं ते त्या दिवशी दिसलं, पण फार उशिरा. पुनर्वसनाच्या घरांत खांबच नाहीत, तिथं खण कोण मोजणार?

सुईदोरा: चोळीचा खण तोच का?

कडीपाट: हो, दोन्हींचं मूळ ‘खंड’, म्हणजे तुकडा, असंच मानतात. टेबलाचा खणही त्यातलाच.

पेठकर: ओसरी, तुमच्या घरचे अगदीच चूक नाहीत हो. पुण्यात वाड्यांत भाडेकरू आले, खांबाखांबांमध्ये फळ्यांचे आडोसे पडले, आणि ‘दोन खणांचं बिऱ्हाड’ म्हणजे दोन खोल्या झाल्या. तुमचा कागद त्याआधीचा दिसतो.

ओसरी: मग ‘त्यावर दोनखणी माडी’?

कडीपाट: पाचापैकी दोनच खणांवर मजला. उरलेल्या तिनांवर माळवद नाहीतर कौलं. कुठले दोन, ते कागदात पुढं लिहिलंय का बघा. वाटणीत नेमकं तेच लागतं.