मेटार आणि चार्टची तारीख

फ्लाइट सिम्युलेटरमधल्या (सिममधल्या) उड्डाणासाठी चार्ट, म्हणजे वैमानिकांचे नकाशे, कुठून घ्यायचे या प्रश्नाचं उत्तर आधी आलंच आहे, मी हवामानाची भर घालतो. उड्डाणाआधी विमानतळाचा ताजा मेटार (हवामानाचा सांकेतिक अहवाल) उघडाच. त्यात '२७०१५केटी' दिसलं की वारा २७० अंशांकडून १५ नॉट्सने येतोय, म्हणजे वाऱ्याकडे तोंड असलेली, बहुधा २७ नंबरची (साधारण २७० अंशांच्या दिशेची) धावपट्टी. (मेटारमधली दिशा भौगोलिक उत्तरेवरून असते, धावपट्टीची चुंबकीय!) 'क्यू'नंतरचा हवेचा दाब (हेक्टोपास्कलमध्ये) अल्टिमीटरला, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राला, लावा; एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत साधारण ३० फुटांची चूक.

आणि चार्टची तारीख बघा. एआयआरएसी चक्र (चार्ट आणि नेव्हिगेशन डेटा अद्ययावत करण्याचं ठरलेलं चक्र) २८ दिवसांचं असतं. माझ्या चार्टवरचा एक वेपॉइंट (मार्गावरचा नाव दिलेला बिंदू) एफएमसीत (विमानाच्या मार्ग ठरवणाऱ्या संगणकात) सापडेचना, अर्धा तास शोधला. सिममधला नेव्हिगेशन डेटा जुना निघाला.