मदत हवी आहे: मंदिराच्या जागेवर ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं (कॅलिफोर्निया)

अंगणवेल
नमस्कार. मंदिराच्या विश्वस्त मंडळासाठी माहिती गोळा करतेय. ठिकाण ईस्ट बे (सॅन फ्रान्सिस्को खाडीची पूर्व बाजू). जागा २ एकर, वीसेक वर्षांपासून मंदिराच्या नावावर, कर्ज फिटलेलं. झोनिंग स्वतंत्र एककुटुंबी घरांचं. पुढे ११० गाड्यांचं पार्किंग, मागे अर्धा एकर रिकामा. शेजारच्या प्रेस्बिटेरियन चर्चची पाऊण एकर जागा मोकळी आहे आणि त्यांना आमच्याबरोबर काम करायचं आहे.

विचार असा की कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी भाड्याची घरं बांधायची आणि त्यातली ८ बेघर झालेल्या ज्येष्ठांसाठी, आधारसेवांसह ठेवायची. या झोनिंगमध्ये किती घरं बसतील? जमीन विकावी की भाडेपट्ट्याने द्यावी? पैसा कुठून उभा राहतो? मुलांकडे राहायला आलेल्या आपल्या मराठी आजी-आजोबांना यात प्राधान्य देता येईल का?

सातबारा
आधी मोजणी करू. वळायच्या जागेसकट एका गाडीला साधारण ३२५ चौरस फूट लागतात, म्हणजे तुमचं पार्किंग सुमारे ०.८ एकर आहे. २०२० च्या एबी १८५१ कायद्याने धार्मिक संस्थेला घरांसाठी निम्म्यापर्यंत पार्किंग काढता येतं आणि शहर ते दुसरीकडे भरून मागू शकत नाही. ५५ गाड्या काढल्या की ०.४ एकर सुटतो. मागचा अर्धा धरून हाती ०.९ एकर. सभेत "आपल्याकडे दोन एकर आहेत" असं कुणी म्हणालं तर तिथेच दुरुस्त करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे चुकतात.

झोनिंग बदलण्याचा अर्ज करू नका, त्यात दोन वर्षं जातात. एसबी ४ वापरा, म्हणजे धार्मिक संस्थांच्या जागेवर परवडणारी घरं बांधू देणारा राज्याचा कायदा. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे आणि २०३६ सुरू होईपर्यंत चालेल. जमीन त्या तारखेच्या आधीपासून संस्थेच्या नावावर हवी, ती तुमची आहे. झोन एककुटुंबी असला तरी शहराने फक्त लेखी, मोजता येणाऱ्या नियमांवर नकाशे तपासून मंजुरी द्यायची असते. जनसुनावणी नाही, पर्यावरण आढाव्याचा फेरा नाही. त्या बदल्यात मॅनेजरचं घर सोडून सगळी घरं कमी उत्पन्न गटासाठी (फार तर २०% मध्यम गटासाठी), आणि भाड्याची असतील तर ५५ वर्षं तशीच ठेवायची.

महानगरी भागात एकरी ३० घरं, म्हणजे ०.९ एकराचा वेगळा प्लॉट पाडला तर २७. पूर्ण परवडणाऱ्या प्रकल्पाला राज्याच्या डेन्सिटी बोनसमधून (परवडणाऱ्या घरांच्या बदल्यात जास्त घरं बांधू देणारी सवलत) ८०% वाढ मागता येते. ४८.६ होतात, अपूर्णांक वर धरतात, म्हणून ४९. माझं मत, ४९ वरच थांबा. १० च्या वर घरं गेली की सरकारी दराची मजुरी द्यावीच लागते, पण ५० पासून कंत्राटदारांवर शिकाऊ कामगारांच्या आणि आरोग्यखर्चाच्या जादा अटी येतात. उंची झोनच्या मर्यादेपेक्षा एक मजला जास्त मिळते. बोनसच्या जोरावर त्याहून वर जाता येईल असं धरून नकाशे काढू नका, तो मुद्दा वकिलामार्फत शहराकडून लेखी घ्या.

आर्किटेक्टला बोलावण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा आणि तिच्यावरच्या हक्कांचा अहवाल): जुन्या खरेदीखतात वापराच्या अटी, शेजाऱ्याचा रस्त्याचा हक्क, गटाराची लाइन. बहुतेक प्रकल्प इथेच अडखळतात, कारण इमारत नेमकी त्या लाइनवर काढलेली असते. दुसरी, टेकड्यांकडच्या बाजूला असाल तर वणव्याच्या धोक्याचा नकाशा. तिसरी, जड उद्योग १,२०० फुटांच्या आत नाही ना. माती-प्रदूषणाची पहिली पाहणी मात्र घाईने करू नका. तिचे मुख्य भाग १८० दिवसांत शिळे होतात आणि कर्ज देणारा पुन्हा करायला लावतो.

चर्चबद्दल: पाच वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यांना वरच्या प्रेस्बिटरीची (त्या पंथाच्या विभागीय मंडळाची) लेखी परवानगी लागते. स्थानिक मंडळींचा होकार पुरेसा नाही. दोन मालकांच्या हद्दीवर एकच इमारत उभी करू नका. डेव्हलपर एक, भाडेपट्टे दोन, टप्पे दोन. एकाचं अडलं तरी दुसऱ्याचं थांबत नाही.

हिशेबनीस
जमीन विकू नका. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या प्रेस्बिटेरियन चर्चने आपली जागा ना-नफा डेव्हलपरला विकली, तिथे १७३ घरांचं गिलियम प्लेस उभं राहिलं आणि चर्च त्याच इमारतीत तळमजल्यावर भाड्याने आलं. घरं उत्तम झाली. पण तुमचा गाभारा त्याच प्लॉटवर आहे, म्हणून तुम्ही मालकी हातची सोडू नये. ग्राउंड लीज करा, म्हणजे फक्त जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या. शहरी जमिनीला कॅलिफोर्नियात मुदत ९९ वर्षांच्या वर जात नाही, ७५ च्या खाली कर्ज देणारे कुरकुरतात. मुदतीनंतर इमारतीसकट जमीन परत मंदिराची.

लीजमध्ये दोन ओळी कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. एक, जमिनीची मालकी बांधकाम कर्जाला तारण जाणार नाही. तारण फक्त भाडेपट्ट्याचा हक्क. दोन, मंदिराची उरलेली जागा या व्यवहारात कुठेही अडकवली जाणार नाही. वकील तुमचा स्वतःचा हवा, डेव्हलपरने "आमचाच वापरा" म्हटलं तरी.

बे एरियात असं एक घर बांधायला ७ लाख डॉलरच्या वर खर्च जाणं नवीन नाही. देणग्यांतून ते होत नाही. मुख्य पैसा फेडरल टॅक्स क्रेडिटचा: गुंतवणूकदार प्रकल्पाच्या भागीदारीत पैसा घालतो आणि त्याला करात सवलत मिळते. ९% चं क्रेडिट स्पर्धेतून मिळतं; ४% चं करमुक्त रोख्यांबरोबर येतं, रक्कम कमी. त्यावर काउंटी, शहर आणि राज्याची कर्जं रचतात. पाच-सहा स्रोत असतात, प्रत्येकाची तारीख वेगळी, म्हणून पहिल्या बैठकीपासून किल्ली हातात पडेपर्यंत ४ ते ६ वर्षं धरा.

मंदिराने या भागीदारीत जनरल पार्टनर (जबाबदारी घेणारा मुख्य भागीदार) व्हायचं नाही. गुंतवणूकदाराकडे ९९.९९% हिस्सा असतो, पण काम पूर्ण करून देण्याची आणि तोटा भरून काढण्याची हमी जनरल पार्टनर देतो. ती हमी म्हणजे तुमची दानपेटी पणाला लावणं. ते काम अशा इमारती आधी बांधून चालवणाऱ्या ना-नफा डेव्हलपरचं. त्याच्याबरोबर आधी १२ ते १८ महिन्यांचा विशेष बोलणीचा करार (तेवढ्या काळात दुसऱ्या कुणाशी बोलणी नाहीत) करा. सर्वेक्षण, नकाशे, अर्ज यांचा खर्च त्याने करायचा. मुदतीत ठरलेले टप्पे झाले नाहीत तर करार संपतो आणि तयार झालेले कागद तुमचे, हे त्यात लिहा.

मंदिराची नोंद 'रिलिजस' (धार्मिक) आहे की 'पब्लिक बेनिफिट' (लोकहिताची) कॉर्पोरेशन, तेही बघा. दुसरी असेल आणि व्यवहार जवळजवळ सगळ्या मालमत्तेचा ठरला, तर राज्याच्या ॲटर्नी जनरलना २० दिवस आधी लेखी कळवावं लागतं.

अंगणवेल
खूप उपयोग झाला, दोघांचे आभार. प्राधान्याचा प्रश्न राहिला. सभासदांची अपेक्षा आहे की निदान निम्मी घरं आपल्या लोकांना मिळावीत आणि इमारत शाकाहारी असावी.

ओसरी
दोन्ही होणार नाही, आणि हे सभासदांना आजच सांगा. इमारत उभी राहिल्यावर कळलं तर मनं दुखावतात. सार्वजनिक पैशाच्या घरात धर्म, वंश, मूळ देश यांवरून निवड करता येत नाही. शाकाहाराची अट भाडेकरारात घालणं म्हणजे भेदभावाच्या दाव्याला आमंत्रण. मंदिराच्या स्वयंपाकघराचे नियम मंदिरापुरते ठेवा.

वयाची अट मात्र चालते. ६२ च्या वर, किंवा ५५ च्या वर. ५५ ची अट लावायला कॅलिफोर्नियात किमान ३५ घरं लागतात, तुमची ४९ आहेत. एसबी ४ खाली ५% पर्यंत घरं संस्थेच्या कर्मचाऱ्यांना देता येतात, म्हणजे पुजारी किंवा स्वयंपाकी, पण क्रेडिटची उत्पन्नमर्यादा त्या घराला कशी लागते ते डेव्हलपरकडून आधी समजून घ्या.

आपल्या आजी-आजोबांसाठी करता येण्यासारखं खूप आहे. अर्ज बहुधा सोडतीने निघतात आणि ते भरायची मुदत थोडी असते. मंदिरात फलक लावा (बाहेरही सगळीकडे जाहिरात होत असली पाहिजे), मराठीत अर्ज समजावून सांगा, कागद आधी जमवून घ्या. नेहमी चुकतं ते इथे: मुलगा दरमहा पैसे देत असेल तर ते आजींचं उत्पन्न धरलं जातं. पुण्यातला फ्लॅट, बँकेतली ठेव, पेन्शन सगळं दाखवायचं. लपवलेलं नंतर निघालं तर घर जातं. ग्रीन कार्ड असेल तर सेक्शन ८ च्या (फेडरल भाडेसाहाय्याच्या) घरांसाठी अर्ज करता येतो, तिथे भाडं साधारण उत्पन्नाच्या ३०% असतं.

आता त्या ८ घरांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. तिथे कोण येणार ते काउंटीच्या समन्वित प्रवेश यादीतून (बेघर लोकांची एकच सामाईक यादी) ठरतं, मंदिर ठरवत नाही. काउंटीशी करार करताना वयाची अट स्पष्ट लिहा, म्हणजे ज्येष्ठच पाठवले जातील. राज्याचा पैसा घेतला की २०१६ च्या एसबी १३८० कायद्याप्रमाणे 'घर आधी' हे तत्त्व पाळावं लागतं: दारू सोडली पाहिजे, उपचार घेतलेच पाहिजेत, प्रार्थनेला आलंच पाहिजे, अशी कुठलीही अट नाही. सेवा ऐच्छिक.

बांधकामाचा पैसा एकदा येतो, सेवेचा दरवर्षी लागतो. पंधरा-वीस रहिवाशांमागे एक केस मॅनेजर लागतो, म्हणजे ८ घरांना अर्धा, आणि अर्ध्या पगारावर माणूस टिकत नाही. म्हणून चर्चच्या टप्प्यातही ८ घरं ठेवा आणि १६ मिळून एक पूर्ण वेळ माणूस घ्या. तुमच्या दोन संस्थांच्या भागीदारीचा खरा फायदा मला इथे दिसतो. त्याच्या खर्चाचा काही भाग मेडी-कॅलकडून (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा राज्याचा आरोग्य विमा), त्याच्या कॅलएम या कार्यक्रमाखाली, मिळू शकतो, उरलेल्यासाठी काउंटीचं लेखी पत्र कर्जाच्या अंतिम करारावर सह्या होण्याआधी हातात घ्या.

भाडं वसूल करणारा आणि सेवा देणारा एकच माणूस ठेवू नका. भाडं थकलेला माणूस मग केस मॅनेजरला दार उघडत नाही, आणि नेमकं तेव्हाच त्याला मदत हवी असते. तळमजल्यावर दार बंद करून बोलता येईल अशी एक खोली आत्ताच नकाशात मागा. खर्च कापताना पहिली तीच जाते.

अंगणवेल
स्वयंसेवकांना काय काम देता येईल? यादीत चाळीस जण आहेत.

ओसरी
दवाखान्यात ने-आण, घर लावून देताना भांडी-अंथरुणं, आठवड्यातून एकदा एकत्र जेवण, अर्जांचं भाषांतर. औषधं देणं, पैसे सांभाळणं, घराची किल्ली ठेवणं यातलं काहीही नाही. प्रत्येकाची पार्श्वभूमी-तपासणी आणि प्रशिक्षण सेवासंस्थेमार्फत करून घ्या. दार वाजवायचं ते रहिवाशाने बोलावल्यावरच.