मुलीला टॅक्सॉनॉमीत जायचंय. मुंबईतून सुरुवात कशी करावी?

डोंबिवलीची_आई:
नमस्कार. तीन-चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक यंदा बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाली. तिला टॅक्सॉनॉमीत जायचंय. म्हणजे झाडं ओळखायची, कुठल्या कुळात, कुठल्या वंशात बसतात ते ठरवायचं आणि नशिबात असेल तर एखाद्या नव्या झाडाला नाव द्यायचं. दीर म्हणतात बायोटेक घे, शेजारचे म्हणतात बी.एड. कर. मी अकाउंट्सवाली, मला यातलं ओ की ठो कळत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या गादीखाली तीन आठवडे रद्दी होती आणि तिच्यात पाला होता, एवढीच माझी या विषयाशी ओळख.

एम.एस्सी. मुंबईतच करावं की पुण्या-कोल्हापूरला पाठवावं? यात पोट भरतं का? आणि प्रवेश होईपर्यंत तिने काय करावं? शिवाय भाचा म्हणतो, आता डीएनएवरून सगळं कळतं, पाकळ्या मोजत कोण बसतं. खरं आहे का हे?

लोकल_सेकंडक्लास:
पोटाचं आधी सांगतो. माझा चुलतभाऊ याच विषयातला पीएच.डी. वय 36. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीचे पैसे नाहीत, मार्चचं मानधन दिवाळीत. झाडाचं नाव विचारलं की तासभर बोलतो, पगार विचारला की चहा सांगतो. मुलीला घाबरवायचं नाही, पण तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

रानहळद:
वरच्या दादांचं म्हणणं खोटं नाही. मी या विषयात पीएच.डी. केली, आठ वर्षं हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात बसले. आता दुसरीकडे आहे, पण अजून बसस्टॉपवर उभी असले तरी फूटपाथच्या फटीतलं गवत उपटून बघते.

ताई, कॉलेजचं नाव बघून ठरवू नका, माणूस बघा. हा विषय पुस्तकातून येत नाही. शंभर वेळा चुकीचं नाव सांगायचं आणि शेजारी बसलेल्याने शंभर वेळा "परत बघ" म्हणायचं, असा तो शिकला जातो. ज्यांच्याकडे जायचं त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर मुलीला वाचायला सांगा. स्वतः जंगलात जातात की फक्त यादीत नाव असतं, विद्यार्थ्यांची नावं पेपरात पुढे येतात की मागे, हे त्यातून कळतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर आणि गवतांवर मोठं काम झालंय. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं, म्हणजे बीएसआयचं, पश्चिम विभागाचं केंद्र आहे आणि आघारकर संशोधन संस्था आहे. घाट जवळ, हर्बेरियम जवळ, त्यामुळे पाठवायची तयारी असेल तर तिकडे नक्की विचारा.

पण मुंबई कमी नाही. धोबीतलावला सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, 1906 पासूनचं. फादर ब्लॅटर स्विस, त्यांच्यानंतरचे फादर सांतापाऊ स्पॅनिश. सांतापाऊंनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर 1953 साली जे पुस्तक केलं ते आजही उघडावं लागतं. पुढे ते बीएसआयचे प्रमुख झाले. तर आधी त्या हर्बेरियममध्ये परवानगी काढून मुलीला चार दिवस नुसती शीटं बघू द्या. साधारण 42 बाय 28 सेंटीमीटरचा जाड कागद, त्यावर शिवलेली वाळकी फांदी, उजव्या कोपऱ्यात लेबल. सगळ्याचा रंग तपकिरी. फुलाचा निळा गेला, वास गेला, आणि तरीही ते बघत बसावंसं वाटतं का? जंगलात फिरायला सगळ्यांनाच आवडतं. करिअर मात्र टेबलाशी होतं.

माझा स्वतःचा किस्सा सांगते. सड्यावर उगवणारा गेंद असतो ना, एरिओकॉलॉन, पांढऱ्या बटणांसारखा? त्याचं अख्खं डोकं वाटाण्यापेक्षा लहान, आणि त्यात कित्येक फुलं. ओळखायचा तर एकेक फूल सुईने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं: संदलं (पाकळ्यांच्या बाहेरची दलं) दोन की तीन, परागकोश काळे की पांढरे, बियांवर नक्षी कशी. मी सकाळी साडेदहाला बसले. चारला तिसरं संदल सापडलं, म्हणजे कीमधला रस्ता बदलला. ("की" म्हणजे हे असेल तर इकडे जा, ते असेल तर तिकडे, अशी प्रश्नांची साखळी.) खात्री करायला ते बाजूला ठेवलं आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन पंखा लावला. संदल गेलं. हर्बेरियममध्ये सगळे घाम पुसत का बसतात ते मला त्या दिवशी कळलं.

घाटवाटा:
रानहळद, अगदी अगदी! मी बँकेतला माणूस, शनिवार-रविवारचा वनस्पतीवाला. धागाकर्त्या ताईंना एक गंमत सांगतो. आपल्याकडच्या वनस्पतींची जुनी पुस्तकं लिहिणारे बहुतेक पोटासाठी दुसरंच काही करत होते. 1839 साली मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी छापली तो जॉन ग्रॅहम पोस्टखात्यातला अधिकारी, आणि पुस्तक पुरतं छापून व्हायच्या आत वारला. डाल्झेल आधी कस्टम्समध्ये होता, मग जंगलखात्यात. मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणारा थिओडोर कुक तर रेल्वेचा इंजिनियर. वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधण्यात तो होता, नंतर पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला. त्याचा फ्लोरा 1901 ते 1908 दरम्यान निघाला आणि आजही त्याच्या की चालवतो आपण. नोकरी वेगळी आणि वनस्पती वेगळ्या, हाही एक रस्ता आहे, एवढंच.

रानहळद:
घाटवाटा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मुलीला हा रस्ता सांगू नका. त्या साहेबांकडे बंगला होता, नोकर होते, सरकारी घोडा होता. आज नॅशनल पार्कात एक फांदी तोडायची तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती संस्थेच्या पत्रावर मिळते. हौस म्हणून झाडं ओळखता येतात. वंशाची नीट फेरमांडणी करायची तर जगभरच्या हर्बेरियममधली शीटं मागवावी लागतात, ती शनिवारी-रविवारी होत नाही.

ताई, पैशाचं सरळ सांगते. सीएसआयआरची नेट ही पात्रता परीक्षा लाइफ सायन्सेसमधून द्यायची. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि वर घरभाडं. तेवढ्यात पीएच.डी. ओढता येते. नेटच्या पेपरात टॅक्सॉनॉमी चिमूटभर आणि रेणूजीवशास्त्र परातभर असतं, म्हणून बायोटेकवाल्या दिरांची शिकवणी लावा, उपयोगी पडतील. :) पुढे बीएसआयमधल्या जागा, कॉलेज, संशोधन प्रकल्प. जागा थोड्या, मध्ये रिकामी वर्षं येतात. माझी दोन गेली.

पानं_मोजणारा:
कॉलेज आणि बीएसआयच्या बाहेरही बघा. मी औषधी कंपनीत कच्चा माल तपासतो. अशोकाची साल म्हणून पोती येतात. खरा अशोक म्हणजे सराका असोका. आणि मुंबईत सोसायटीच्या गेटाशी जो सुळक्यासारखा उंच "अशोक" लावलेला असतो तो अशोक नव्हेच, आसुपालव. वाळलेल्या सालीचा तुकडा हातात घेऊन हे सांगणारं माणूस मिळत नाही हो. फार्मसी आणि आयुर्वेदाचे विद्यार्थी प्रबंधासाठी झाड प्रमाणित करून घ्यायला ब्लॅटरमध्ये रांग लावतात ते काय उगाच? शिवाय मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल, आणि शहरांत कायद्याने करावी लागते ती वृक्षगणना. तिथे झाडं ओळखणारे लागतात. पैसे बरे मिळतात, पण अहवाल कुणाला हवाय तसा लिहायचा दबावही येतो, तेही सांगून ठेवतो.

डोंबिवलीची_आई:
सगळ्यांचे आभार. आमच्या गेटाशी तोच "अशोक" आहे, आत्ता खिडकीतून बघितला. सेक्रेटरींना सांगायची सोय नाही. डीएनएचं राहिलं हो. आणि नाव देतात म्हणजे नक्की काय करतात? लेक सांगते पण निम्मं इंग्रजीत, निम्मं लॅटिनमध्ये.

रानहळद:
भाचा अर्धा बरोबर आहे. कोण कोणाचं नातेवाईक हे डीएनएने पक्कं होतं, आणि त्यामुळेच नावं बदलतात. आपली बाभूळ जन्मभर अकेशिया होती. तो मोठा वंश फुटला, अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, बाभूळ वॅचेलिया झाली आणि खैर सेनेगॅलिया. पण भाच्याला विचारा, यंत्रातून आलेली अक्षरं जुळवायची कशाशी? कुणीतरी ओळखून, दाबून, लेबल लावून ठेवलेल्या शीटाशीच ना?

नाव देणं म्हणजे बारसं नव्हे, जन्मदाखला. आधी सिद्ध करायचं की हे झाड आधी कुणी वर्णिलेलं नाही. त्यासाठी जवळच्या सगळ्या जातींची मूळ वर्णनं आणि टाइप शीटं, म्हणजे ज्यांच्यावरून ती नावं दिली ती शीटं बघायची. यात वर्ष जातं. मग वर्णन लिहायचं. 2012 पासून इंग्रजीतही चालतं, पूर्वी लॅटिनच लागायचं. एक शीट होलोटाइप म्हणून हर्बेरियममध्ये जमा करायचं, ते नाव कायम त्या शीटाशी बांधलेलं. मग "ऱ्हीडिया" किंवा "फायटोटॅक्सा"सारख्या नियतकालिकात छापायचं. स्वतःचं नाव झाडाला द्यायची पद्धत नाही, लोक हसतात.

लॅटिनला मराठी माणसाने घाबरू नये. आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. गेटावरच्या आसुपालवाचंच बघा. पॉलिआल्थिया होता तोवर "लॉन्जिफोलिया". वंश बदलून मोनून झाला, तो नपुंसकलिंगी, म्हणून झाला "लॉन्जिफोलियम". इंग्रजीत वाढलेल्यांना हे घोकावं लागतं, आपण "तो लांब, ती लांब" न म्हणता "मोठा, मोठी, मोठं" आपसूक करतो. आणि कारवी बघा, तिचं तर मराठी नावच वंशाचं नाव झालं होतं: कार्व्हिया कॅलोसा. (आता बरेच जण तिला स्ट्रोबिलॅन्थिस वंशात धरतात.)

घाटवाटा:
भरतीची भर: पावसाळा संपला की फिल्ड संपलं असं मुलीला वाटू देऊ नका. भांडुप, ऐरोलीकडची तिवरं बारा महिने आहेत. दोन जातींची तिवरं नुसत्या पानांवरून वेगळी करायला शिकली तर डोळा तयार होतो: एकाचं पान टोकदार, दुसऱ्याचं टोकाला गोल. ओहोटीची वेळ बघून जा आणि चांगली चप्पल घालू नका, चिखलात राहते.

लोकल_सेकंडक्लास:
चुलतभावाला धागा वाचायला दिला. म्हणतो, मुलीला एकच सांगा, फिल्डबुक अंगावर ठेव. माळशेजहून परतताना त्याचं एसटीत राहिलं. चाळीस झाडं दाबलेली होती, नंबर घातलेले होते, पण कुठे आणि कधी तोडलं ते सगळं वहीत. चाळीसच्या चाळीस टाकून दिली. हे सांगताना त्याने चहासुद्धा घेतला नाही.

डोंबिवलीची_आई:
अपडेट देते. लेकीने काल सगळा धागा वाचला. कोल्हापूर आणि पुणे दोन्हीकडे अर्ज भरायचे ठरलंय, ब्लॅटरच्या परवानगीचं पत्र कॉलेजातून घेतेय. स्टेशनकडच्या भिंतीतून एक गवत आणून तीन दिवस त्याच्यामागे आहे. चौथ्या प्रश्नाला चुकली होती म्हणे, परत पहिल्यापासून. जेवणाच्या टेबलावर भिंग, आणि पंखा बंद. आम्ही दोघं गॅलरीत बसून जेवतोय.

गादीखाली पुन्हा रद्दी आली आहे. कधी काढायची ते विचारलं तर म्हणते, अजून ओलं आहे.

रानहळद:
गादीखाली वाळणार नाही ताई, मुंबईत जुलैमध्ये बुरशीच धरेल. दोन फळ्या आणि दोन पट्टे आणा, मध्ये रद्दी, आणि कागद रोज बदला. काढलेले ओले कागद फ्रिजच्या मागे वाळत घाला, तिथे गरम असतं.